मदत हवी आहे : ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच्या शस्त्रक्रियेच्या बिलातून झालेली कपात

माझ्या आईला (वय ६४) ट्रायजेमिनल न्यूराल्जियामुळे, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेच्या दुखण्यामुळे, चार वर्षे उजव्या गालात विजेसारख्या कळा येत असत; दात घासणे, घास चावणे, एवढेच काय, वाऱ्याची झुळूकही तिला सोसत नसे. कार्बामाझेपिन या कळांवरच्या औषधाचा डोस वाढवूनही उपयोग होईना, तेव्हा गेल्या महिन्यात पुण्यात तिची मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन शस्त्रक्रिया झाली, ज्यात नसेवर दाब देणारी रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. देवाच्या कृपेने आता कळा थांबल्या आहेत.

अडचण बिलाची आहे. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये असून आम्हाला नाइलाजाने ८,००० रुपयांची खोली घ्यावी लागली. त्या प्रमाणात विमा कंपनीने औषधे, एमआरआय आणि टेफ्लॉनसह संपूर्ण बिलातून साडेसदतीस टक्के रक्कम कापली. माझ्या वाचनानुसार, विमा नियामकाच्या २०२० च्या निर्देशांप्रमाणे औषधे, इम्प्लांट (शरीरात बसवलेली वस्तू) आणि तपासण्या यांच्या खर्चाला अशी कपात लागू होत नाही, तसेच खोलीच्या दर्जानुसार वेगळे दर न लावणाऱ्या रुग्णालयाच्या बिलातही ती करता येत नाही. मला हा मुद्दा निर्णायक वाटतो.

कंपनीकडे लेखी तक्रार दिली आहे. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाणार आहे. रुग्णालयाकडून दरांबाबतचे पत्र कोणत्या शब्दांत घ्यावे, आणि टेफ्लॉन इम्प्लांट म्हणूनच धरले जावे यासाठी शस्त्रक्रियेच्या नोंदीत काय असावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.