प्रॉमिथिअसने काय चोरलं? आग, अग्नी की विस्तव?

प्रॉमिथिअसची ग्रीक कथा मराठीत लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. देवांकडून त्याने जे चोरलं त्याला काय म्हणू? 'आग चोरली' कानाला खटकतं. 'अग्नी चोरला' चालतं, पण पोथीतलं वाटतं. तिसरा शब्द आहे का? आणि यांच्यात नेमका फरक काय?

* * *

आहे, विस्तव. माझं मत ठामपणे त्याच्या बाजूने आहे.

क्रियापदं बघा. आग लागते, भडकते, पसरते. ती आपलं ऐकत नाही. चितेला मात्र अग्नी देतात. तिथे 'आग दिली' म्हणून पाहा, किती रुक्ष लागतं. साक्षीलाही अग्नीच. विस्तव आणतात, घालतात, फुंकतात, राखतात.

गंमत म्हणजे आग आणि अग्नी मुळात एकच शब्द. अग्नी, प्राकृतात अग्गि, मग आग. वाटेत लिंग बदललं आणि देवपणही गळालं. ऋग्वेदाचा पहिलाच शब्द 'अग्निम्' आहे आणि लॅटिनमधला 'इग्निस' त्याचा सख्खा भाऊ. ग्रीक 'प्युर' वेगळ्या मुळातून येतो. म्हणजे या भाषांच्या पूर्वज भाषेतही विस्तवाला दोन शब्द होते. अभ्यासक त्यांतला एक सजीव अग्नीचा आणि दुसरा निर्जीव वस्तूचा मानतात. मराठीने तीच विभागणी आपल्या परीने पुन्हा केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्या कथेकडे. प्राचीन ग्रीक कवी हेसिअड सांगतो की प्रॉमिथिअसने चोरी पोकळ दांड्यात लपवली. हा दांडा नार्थेक्सचा, म्हणजे बडीशेपेच्या कुळातल्या एका उंच झाडाचा. त्याच्या आतला भेंड सावकाश धुमसत राहतो आणि बाहेरची साल शाबूत राहते. दांड्यातून ज्वाळा नेता येत नाही, विस्तव नेता येतो. 'त्या दोघांतून विस्तव जात नाही' असं आपण म्हणतो, त्याचा अर्थही मला इथेच लागतो. घर्षणाने पेटणाऱ्या काड्या इंग्लंडात जॉन वॉकरने १८२७ साली विकायला काढल्या. त्याआधी चूल विझली की विस्तव शेजारून आणणं सर्वांत सोपं. तोही मागता येत नाही, इतकं वैर.

* * *

थोडी हरकत आहे. आग नेहमीच मोकाट नसते. आगगाडी, आगबोट, आगपेटी, आगकाडी यांत ती माणसाच्या कामाला जुंपलेली आहे. 'अग्निगाडी' कोणी म्हटलं नाही.

* * *

हरकत मान्य. मी म्हटलं ते सुट्या 'आग' शब्दापुरतंच खरं. समासात ती माणसाळते. अग्नी समासात गेला की अग्निशामक, अग्निबाण असे ठेवणीतले शब्द होतात.

विस्तवाबरोबर त्याचे सोयरेही वापरा. निखारा आहे, इंगळ आहे. इंगळ हा संस्कृत 'अंगार'चाच प्राकृतातून आलेला वंशज. तोच अंगार मंगळाच्या लालसर रंगावरून 'अंगारक' झाला आणि मराठीत 'अंगारा' म्हणजे कपाळी लावायची रक्षा. जळता कोळसा आणि विझलेली राख, दोन्ही एकाच शब्दाच्या पोटी.

राखेचं तर विशेषच. संस्कृतात 'रक्षा' म्हणजे रक्षण आणि राखही. रात्री निखारा राखेत पुरला की त्याला हवा कमी मिळते, तो जेमतेम जळत राहतो. सकाळी वरची राख सारून फुंकर घातली की लाल डोळा उघडतो. राखते ती राख, हे चुलीपाशी बसणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नसे.

अग्नी शब्द टाकून मात्र देऊ नका. ऋग्वेदात मातरिश्वा नावाचा दैवी दूत भृगू ऋषींच्या कुळाकडे आणतो तो अग्नीच, आणि अरणींमध्ये, म्हणजे घासून अग्नी काढायच्या लाकडांत, गर्भासारखा दडून असतो तोही अग्नीच. तुमच्या कथेत देवांचा राजा झ्यूस बोलेल तेव्हा त्याच्या तोंडी हाच शब्द शोभेल.

* * *

मग वाक्य असं करते: 'झ्यूसने माणसांपासून अग्नी दडवून ठेवला होता. प्रॉमिथिअसने दांड्याच्या भेंडात विस्तव लपवला आणि तो डोंगर उतरू लागला.' एका परिच्छेदात दोन शब्द आले, पण आता ते खटकत नाहीत.