मदत हवी आहे: वेळ-डायरीत एकाच वेळी चालणारी कामं कशी मोजायची?

घरातल्या बिनपगारी कामाची स्त्री-पुरुषांमधली वाटणी मोजायला वेळ-डायरी (दिवसभरात कधी काय केलं याची नोंदवही) तयार करायची आहे. 24 तास, 15 मिनिटांचे 96 रकाने, कामांचं वर्गीकरण संयुक्त राष्ट्रांच्या 2016 च्या यादीप्रमाणे.

घोळ होतो तो जोडकामात. गॅसवर दूध, कडेवर मूल, तोंडाने थोरल्याचा अभ्यास. बाई लिहिते फक्त "स्वयंपाक". मूल सांभाळल्याचा वेळ गायब! म्हणून "सोबत आणखी काय चालू होतं?" असा दुसरा रकाना घातला. पण दोन्हींची बेरीज केली की दिवस 24 तासांच्या पुढे जातो, आणि वेळ अर्धा-अर्धा वाटला की सांभाळणं पुन्हा निम्मं दिसतं. शिवाय मूल झोपलंय, पण घराबाहेर पडता येत नाही, हा वेळ कुठे टाकायचा? बायका त्याला "आराम" लिहितात. माझ्या मते तो आराम नव्हेच.

मुख्य काम आणि जोडकाम यांचे तक्ते वेगळेच ठेवावेत का? झोपलेल्या मुलासाठी घरात अडकून राहण्यासारख्या जबाबदारीच्या वेळेसाठी तिसरा रकाना दिला तर लोक कंटाळून डायरी अर्धवट सोडतात का? आणि नवऱ्याची डायरी बायकोनेच भरली असेल (हे सर्रास होतं) तर ती बाद करायची, की खूण करून ठेवायची? कुणाकडे आखलेला नमुना असेल तर इथे टाका.