मदत हवी आहे: दुकानाच्या नंबरचं आउटगोइंग अचानक बंद, ऐन लग्नसराईत

इतवारीकर: नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. काल दुपारपासून दुकानाच्या नंबरवरून एकही फोन लागत नाही, मेसेजही जात नाही, येणारे फोन मात्र येऊन राहिले. रिचार्ज आहे, रेंज आहे, फोन तीनदा बंद-चालू केला. कंपनीच्या स्टोअरमध्ये गेलो तर "वरून बंद आहे" एवढंच सांगितलं. फॉल-पिको झालेल्या चाळीसेक साड्या काउंटरमागे पडून आहेत, सगळ्या लग्नाच्या, अन् लोकांना "घेऊन जा" म्हणून कळवता येऊन नाही राहिलं. कोणाला झालंय का असं? लवकर सांगा.

मानेवाडा_रोड: सिम बदला भाऊ. माझंही असंच झालं होतं, नवीन सिम टाकलं अन् तासाभरात चालू.

संत्राबर्फी: सिम खराब असतं तर इनकमिंगही गेलं असतं. दादा, मागच्या काही दिवसांत या नंबरवरून वेगळं काही केलं का?

इतवारीकर: काही नाही. सेलचा मेसेज पाठवला फक्त.

संत्राबर्फी: किती जणांना? नंबर कुठून आणले? साधा एसएमएस की एजन्सीकडून?

इतवारीकर: साधाच, फोनवरून, रोज 100 असे आठ-नऊ दिवस. नंबर आमच्याच बिलबुकातले, विकत घेतलेले नाहीत. खाली स्पष्ट लिहिलं होतं, मेसेज नको असेल तर स्टॉप लिहून पाठवा. चौघांनी लिहिलं, त्या चौघांचे नंबर मी लगेच खोडले. मग चूक काय झाली?

संत्राबर्फी: हेच कारण दिसतं. जाहिरातीचा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून पाठवताच येत नाही, त्यासाठी धंद्याची डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या मेसेज-नोंदणी पोर्टलवर, नोंदणी, आपलं हेडर (पाठवणाऱ्याच्या नावाचा कोड) अन् मंजूर टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) लागतं. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, 2018 चे नियम आहेत, फेब्रुवारी 2025 मध्ये आणखी कडक झाले. आता 10 दिवसांत 5 तक्रारी आल्या तरी कारवाई होते. पहिल्या वेळी 15 दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केलं तर वर्षभरासाठी कनेक्शनच जातं. आणि ही बंदी तुमच्या नावावरच्या सगळ्याच नंबरांवर येते, म्हणून नवीन सिम घेऊन मेसेज पाठवायच्या भानगडीत चुकूनही पडू नका.

इतवारीकर: पण आमचे ग्राहक डीएनडीवाले, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद केलेले, नसतील ना सगळे?

संत्राबर्फी: डीएनडी नसलं तरी तक्रार करता येते आता, मेसेज आल्यापासून 7 दिवसांत.

गांधीबाग_होलसेल: हे अती आहे. नको म्हणायची सोय दिली होती ना माणसानं? अमेरिकेत तेवढं पुरतं. छोट्या दुकानदारानं आठशे लोकांना आधी फोन करून परवानगी मागायची का?

वकीलबाई: अमेरिकेतला तो 2003 चा कायदा ईमेलचा आहे, तिथंही नको म्हटल्यावर 10 कामकाजाच्या दिवसांत थांबावं लागतं. युरोपात उलट आहे. 1 ऑक्टोबर 2019 ला तिथल्या कोर्टानं सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नाही, टिक माणसानं स्वतः करायची. आपला 2023 चा डेटा कायदाही तेच म्हणतो, संमती स्पष्ट कृतीतून आली पाहिजे.

गांधीबाग_होलसेल: म्हणजे आता अडीचशे कोटी दंड लावणार बिलबुकावर?

वकीलबाई: नाही. 250 कोटी ही कमाल मर्यादा डेटाची सुरक्षा नीट न ठेवल्याबद्दल आहे. शिवाय त्या डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले अन् संमतीचा भाग त्यानंतर 18 महिन्यांनी लागू. यांचा नंबर बंद झाला तो ट्रायच्या नियमानं, दोन्ही एकत्र करू नका.

रेशीमबाग_ताई: मी ग्राहक म्हणून सांगते, राग नका मानू. मागच्या वर्षी एका दुकानात पैठणी फॉलला टाकली, बाईनं विचारलं, नंबर सांगा, झाली की फोन करते. मी त्यासाठी दिला. मग सेल, मग दुसरा सेल, मग त्यांच्या भावाच्या फर्निचरच्या दुकानाचे मेसेज, अन् सासरे मेडिकलमध्ये भरती असताना रात्री साडेदहाला फोन वाजला तर धावत उचलला, तर "फ्लॅट 50 टक्के". मी स्टॉप नाही लिहिलं, मी तक्रार केली. नंबर साडीसाठी दिला होता. माझं गप्प राहणं म्हणजे हो कसं काय?

मानेवाडा_रोड: ताई, 1909 ला स्टार्ट 0 असा मेसेज करा, सगळं बंद होईल.

रेशीमबाग_ताई: केलंय हो. प्रश्न तो नाही.

बजाजनगर_22: दुकानवाले नंबरशिवाय बिलच करत नाहीत त्याचं काय? ग्राहक मंत्रालयानं मे 2023 मध्येच सांगितलंय, नंबरची सक्ती करू नका म्हणून. परवा चपलेच्या दुकानात अर्धा तास वाद घातला मी.

संत्राबर्फी: त्यासाठी वेगळा धागा काढा ना. इतवारीकर, कंपनीकडे लेखी अर्ज द्या, काय पाठवलं ते खरं खरं लिहा, पोच घ्या. साड्यांचे निरोप तोवर घरच्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून एकेकाला द्या, ती जाहिरात नाही.

इतवारीकर: ताई, तुमचं वाचून बिलबुक उघडून बसलो. नंबरचा एकच रकाना आहे, त्याच्या वर "साडी तयार झाल्यावर कळवणे" असं वडिलांच्या हातचं लिहिलेलं आहे. आठशे लोकांनी त्याच्यासाठीच नंबर दिला होता. नवीन बुक छापायला टाकतो, ऑफरच्या मेसेजसाठी वेगळा रिकामा चौकोन, टिक ग्राहकानंच करायची. मिसेसच्या फोनवरून सकाळपासून 17 जणांना कळवलं. बाकी 15 दिवस कालपासून मोजायचे की अर्ज दिल्यापासून, हे कोणी सांगेल का?