अतिवृष्टी अनुदान: तुमच्या नावापुढे किती क्षेत्र लिहिले होते?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील आणि सोलापूर जिल्ह्यातील सीना नदीकाठची उभी पिके पाण्याखाली गेली. आपत्ती प्रतिसाद निधीच्या तेव्हाच्या निकषांनुसार ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झालेल्या जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये मिळत होते. हे दर बहुतेकांना ठाऊक असतात. आपले क्षेत्र किती धरले, हे मात्र पैसे जमा झाल्यावरही अनेकांना कळत नाही. तो हिशेब तुम्हाला कोठे आणि कसा पाहायला मिळाला, हे कृपया लिहावे.

सोयाबीन उत्पादक, धाराशिव जिल्हा:
माझे दोन गटांत मिळून १ हेक्टर २० आर (१०० आर म्हणजे १ हेक्टर) सोयाबीन गेले. खात्यावर ६,८०० रुपये आले. संदेशात ना गट क्रमांक होता, ना क्षेत्र. रकमेला हेक्टरी ८,५०० ने भागल्यावर लक्षात आले की ८० आरच धरले आहेत, म्हणजे ओढ्यापलीकडचा गट पंचनाम्यातून सुटला होता. पूर्वी यादीतील विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर आधार प्रमाणीकरणासाठी जावे लागे. त्यात हेलपाटे होते, परंतु क्षेत्र आणि रक्कम डोळ्यांखालून जात असे. २०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक असणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. ही सोय मला मान्य आहे. मात्र चूक पकडण्याची एकमेव जागाही तिच्याबरोबर गेली. सातबारा आणि छायाचित्रे जोडून अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर अद्याप नाही.

निवृत्त तलाठी, छत्रपती संभाजीनगर:
कृषी सहायक, ग्रामसेवक आणि मी असे तिघे मिळून पंचनामे करीत असू. यादी वर पाठवण्यापूर्वी मी ती चावडीवर मोठ्याने वाचत असे: नाव, गट, पीक, क्षेत्र. ज्याचे शेत नदीपासून दोन कोस दूर आहे, त्याचे नाव उच्चारताच लोक बोलू लागत. भांडणे होत, परंतु ती कागद दुरुस्त होण्याजोगा असताना होत. जालना जिल्ह्यातील अनुदान गैरव्यवहारात २०२५ मध्ये तलाठ्यांसह अनेक कर्मचारी निलंबित झाले, तेव्हा मला त्या वाचनाचीच आठवण झाली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. आधार आणि बँक खात्याचे क्रमांक मात्र भिंतीवर कधीही लावू नयेत.

शेतकरी महिला, बीड जिल्हा:
यजमानांच्या पश्चात सातबारा सामाईकच राहिला. संमतिपत्रावर मी सही केली आणि रक्कम थोरल्या दिरांच्या खात्यावर जमा झाली. त्यांनी माझा वाटा दिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु यादीत त्यांचे एकट्याचेच नाव आहे आणि एकूण रक्कम किती होती, हे मला त्यांच्या तोंडूनच कळले.

वाटेकरी, सोलापूर जिल्हा:
बियाणे-खताचा निम्मा खर्च माझा होता. अनुदान सातबारावरील नावाला मिळाले. पंचनाम्याच्या दिवशी वाहून आलेल्या गाळात उभे राहून बांध मीच दाखवले, पण त्या कागदावर माझी साक्षीदार म्हणूनही सही घेतली गेली नाही.