पृथ्वीचा गाभा: लोखंडाचा पाऊस की आयत्या गाभ्यांची बेरीज?

खडकवेडा: पृथ्वी वितळली, जड लोखंड तळाशी गेलं, गाभा झाला, हे आपण शाळेपासून ऐकतो. मला वाटतं गाभा बराचसा आयता आला. लोहउल्का म्हणजे बहुतेक छोट्या ग्रहिकांच्या (ग्रह ज्यांच्यापासून घडले त्या पिंडांच्या) गाभ्यांचे तुकडे, आणि ते गाभे सूर्यमालेच्या पहिल्या १० ते ३० लाख वर्षांतच वेगळे झाले होते. ॲल्युमिनियम-२६च्या किरणोत्सारी उष्णतेनं ग्रहिका आतून वितळल्या. अशाच ग्रहिका आदळत पृथ्वी वाढली. मग लोखंड पुन्हा गाळायचं कशाला?

थेंबेथेंब: नाही पटलं. कमी दाबात निकेल कोबाल्टपेक्षा कितीतरी जोरानं लोखंडाकडे ओढलं जातं. दाब खूप वाढला की दोघांची ओढ सारखी होत जाते. आपल्या प्रावरणात दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात घटलेत. म्हणजे लोखंड खडकाच्या खोल वितळलेल्या समुद्रातून थेंबाथेंबानं खाली गेलं आणि जाताना खडकाशी देवाणघेवाण करत गेलं. आयते गाभे तसेच एकमेकांत मिसळले असते, तर ही खूण राहिलीच नसती.

अभ्रकी: खडक वितळणं हवंच, यात दुमत नको. घन ऑलिव्हिनमध्ये, म्हणजे प्रावरणातल्या मुख्य खनिजात, वितळलेलं लोखंड कणांच्या कडांनी पसरत नाही, गोळा होऊन अडकून बसतं. स्पर्शकोन, म्हणजे धातू कणांच्या कडांना टेकतो तिथला कोन, ६० अंशांच्या वर गेला की वाटा जोडल्याच जात नाहीत. संग्रहालयात पॅलसाइट उल्केची चकती डोळे लावून पाहिली होती. मधाच्या रंगाचे ऑलिव्हिनचे खडे, भोवती चकाकतं लोखंड-निकेल. धातू आणि खडक इतके गुंतलेले असताना 'आयता, स्वच्छ गाभा' म्हणायला माझी जीभ वळत नाही.

खडकवेडा: निकेलचा मुद्दा वजनदार आहे. पण टंगस्टनचं घड्याळ बघा. हाफ्नियम-१८२ खडकात राहतं, ८९ लाख वर्षांत निम्मं होऊन टंगस्टन-१८२ बनतं, आणि टंगस्टन धातूबरोबर जातं. म्हणून खडकात किती टंगस्टन-१८२ उरलं त्यावरून गाभा कधी वेगळा झाला ते कळतं. त्यावरून गाभ्याला सुमारे ३ कोटी वर्षं लागली म्हणतात, पण प्रत्येक थेंब खडकाशी पूर्ण मिसळला असं धरून. अर्धवट मिसळला असेल तर पृथ्वी त्याहून उशिरा पुरी झाली असणार. शेकडो किलोमीटरचा गाभा कोसळताना भुगा होतो हे कशावरून?

थेंबेथेंब: टाकीत जड रंगीत द्रव सोडून केलेल्या प्रयोगांवरून. गोळा खाली जाताना आजूबाजूचा द्रव ओढून घेतो, फुगतो, विरळ होतो.

खडकवेडा: लहान ग्रहिकांपुरतं मान्य. पण चंद्र घडवणारी धडक साधारण मंगळाएवढ्या पिंडाची मानली जाते. त्याचा गाभा पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत पोचेतो पुरता विरघळला असेल, हे मी अजून मानायला तयार नाही.