०.५ मिमी पितळी पत्रा शेवटच्या पासला उचलला जातो, कटर तुटतो

वर्नियर:
देव्हाऱ्यासाठी ०.५ मिमी पितळी पत्र्यातून जाळीची प्रभावळ कापायची आहे. मशीन ३०१८ (छोटं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर कापणारं मशीन), ७७५ मोटर, १०,००० आरपीएम. १ मिमीचा दोन धारांचा एंडमिल (बाजूनेही कापणारा कटर), फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला १५० मिमी, पास (एका फेरीत कापायची खोली) ०.१५ मिमी. चारही कोपऱ्यांना क्लॅम्प आहेत. सुरुवातीचे पास स्वच्छ जातात, शेवटी पत्रा मधे फुगतो आणि कटर जातो. खालून बरही (कापलेल्या कडेला उरणारे धारदार कंगोरे) भरपूर. क्लॅम्प वाढवू का?

कानस:
क्लॅम्पने भागणार नाही. कोपरे दाबले तरी मधला पत्रा मोकळाच असतो, आणि पीळदार कटर त्याला वर ओढतो. अख्खा पत्रा खालून चिकटलेला हवा.

आधी खालचा एमडीएफ बोर्ड त्याच मशीनवर फेसिंग करून, म्हणजे वरून सपाट कापून घ्या. बोर्डात ०.२ चा चढउतार असेल तर ०.१ च्या पासला अर्थ उरत नाही. पत्रा अ‍ॅसिटोनने पुसा. पत्र्याच्या पाठीला आणि एमडीएफला मास्किंग टेप लावा, पट्ट्या कडेला कड भिडवून. एकीवर एक चढली की तिथे उंचवटा येतो. दोन टेपांच्या मधे फेविक्विक, वर सपाट वजन, १० मिनिटं. फोमची टेप अजिबात नको, ती दबते. झेड शून्य (खोली मोजायची सुरुवात) पत्र्याच्या वरच्या बाजूला, शेवटची खोली ०.६.

ठिणगी:
दोन धारा आणि फीड १५० म्हणजे दर धारेला ०.००७५ मिमी. असल्या कोलेटमध्ये (कटर धरणाऱ्या पकडीत) ०.०२ मिमीचा रनआउट (फिरताना कटरचं डगमगणं) सहज असतो, म्हणजे प्रत्यक्षात एकच धार कापते. त्यापेक्षा एकधारी कार्बाइड घ्या, फीड १००, पास ०.१. आणि तो कोराच हवा. बोथट कटर कापण्याऐवजी घासतो, बर तिथूनच येतो.

जाळीच्या भोकांना ड्रिल लावू नका, आरपार होताना तो पत्र्यात घुसून त्याला वर खेचतो. कटरच गोल फिरवा. २ मिमीपर्यंतच्या भोकात आत काही उरत नाही. ३ मिमीच्या भोकात मात्र मधे १ मिमीची टिकली उरते. तेवढ्याशा टिकलीला टेप धरत नाही. ती सुटून धारेत अडकते आणि कटर तुटतो. म्हणून ४ मिमीपर्यंतची सगळी भोकं पूर्ण पॉकेट करा, म्हणजे आतलं सगळं कापून काढा. आतली जाळी आधी, बाहेरची कड शेवटी.

वर्नियर:
तेल सोडू का? आणि काढताना पत्रा वाकणार नाही ना?

कानस:
कोरडंच कापा. तेल कडेने टेपखाली शिरलं की पकड गेलीच. चुरा ब्रशने झाडत राहा आणि चष्मा घाला, पितळेचा चुरा सुयांसारखा उडतो.

काढताना उचकटू नका. हेअर ड्रायरने गरम करा, टेपचा गोंद सैल पडला की पातळ पट्टी खालून आडवी सरकवत न्या. राहिलेला बर काढायला काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पाठ हलक्या हाताने गोल घासा.

ठिणगी:
पत्रा घेताना हाफ हार्ड (मध्यम कडक) मागा. मऊ पत्रा कटरला चिकटतो आणि बर कडेवर लोळतो. जाळीच्या नाजूक काड्याही घासताना वाकतात.