फवारणीचं औषध पिलेला पेशंट: अ‍ॅट्रोपिन कसं वाढवायचं, पॅम द्यायचं का?

प्रश्न (ग्रामीण रुग्णालय, जळगाव जिल्हा):
कपाशीच्या फवारणीचे दिवस आहेत, ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक पिलेले पेशंट येतात. अ‍ॅट्रोपिनचे (छातीतला स्राव सुकवणारं, नाडी वाढवणारं औषध) ०.६ मिलिग्रॅमचे अँप्युल भरपूर आहेत, पॅम (प्रॅलिडॉक्सिम, विषानं बंद पाडलेलं एन्झाइम पुन्हा चालू करणारं औषध) थोडं. दर १०-१५ मिनिटांनी ठरावीक डोस द्यावा की दुप्पट करत जावं? पॅमबद्दल बारामती आणि श्रीलंकेचे अभ्यास उलटसुलट सांगतात, मग मानावं कोणाचं?

उत्तर १ (आयसीयू, धुळे):
दुप्पटच करा. २०१२ च्या बांगलादेशातल्या चाचणीत ठरावीक डोसच्या गटात २२.५ टक्के दगावले, दुप्पट करणाऱ्या गटात ८. अ‍ॅट्रोपिनायझेशनला (अ‍ॅट्रोपिनचा पुरेसा परिणाम दिसायला) लागणारा वेळ सरासरी १५२ मिनिटांवरून २४ वर आला. तुमच्या हिशेबात ३ अँप्युल, दर ५ मिनिटांनी तपासून ६, १२, २४. म्हणजे पंधरा मिनिटांत ४५ अँप्युल, २७ मिलिग्रॅम. ट्रेमध्ये आधीच मोजून ठेवा. छाती मोकळी, नाडी ८० च्या वर, सिस्टोलिक (वरचं बीपी) ८० च्या वर, काख कोरडी झाली की थांबा. बाहुल्या उशिरा मोठ्या होतात, त्यांची वाट पाहू नका. नंतर एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून.

नेहमीची चूक: उलटी श्वासनलिकेत गेल्यानं एकाच बाजूला खरखर येते आणि त्यासाठी अ‍ॅट्रोपिन वाढवलं जातं. ताप, बडबड, आतड्यांचा आवाज बंद, म्हणजे जास्त झालं. ड्रिप थांबवा, लक्षणं उतरल्यावर कमी वेगानं सुरू करा.

उत्तर २ (फिजिशियन, जळगाव):
दोन्ही अभ्यासांचा प्रश्नच वेगळा होता. बारामतीत (२००६) दोन्ही गटांना पॅम मिळालं. तुलना सततची ड्रिप आणि दर ४ तासांचा डोस यांची, मृत्यू १ विरुद्ध ८ टक्के. श्रीलंकेत (२००९) पॅम विरुद्ध सलाईन, आणि पॅमचा फायदा दिसला नाही. पॅमचा उपयोग कोणतं कीटकनाशक प्यायलंय यावर ठरतो, म्हणून त्याची बाटली नातेवाइकांकडून मागवाच. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस असेल आणि पेशंट लवकर आला असेल तर पॅमला थोडा वाव आहे. मोनोक्रोटोफॉसमध्ये एन्झाइम (कोलिनएस्टरेज) काही तासांतच कायमचं निकामी होतं; प्रोफेनोफॉसमध्येही अपेक्षा नको. द्यायचंच तर २ ग्रॅम अर्ध्या तासात, भसकन नाही. पॅमच्या शोधात अ‍ॅट्रोपिन थांबता कामा नये.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद सर. छाती कोरडी झाली की रेफर करू?

उत्तर १:
हो, पण ड्रिप चालू ठेवून, सोबत अँप्युल आणि अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) देऊन. चिठ्ठीत एकूण मिलिग्रॅम, शेवटच्या डोसची वेळ, पिलेल्या कीटकनाशकाचं नाव लिहा. पुढचे चार दिवस उशीवरून मान उचलता येते का ते पाहावं लागतं. मान पडली की श्वास दमायला वेळ लागत नाही.